धारासूरचे दगडी देऊळ

(पाठाविषयी : परभणी जिल्ह्यात यादवांच्या काळातील अनेक दगडी देवळे आणि बारवा आहेत. ही देवळे कशी बांधली, त्यांचे भाग कोणते, चुना न वापरता दगड एकमेकांवर कसे टिकले आणि हा ठेवा जपण्याची जबाबदारी कोणाची, हे या पाठात सांगितले आहे. कठीण शब्दांचे अर्थ पाठाच्या शेवटी उर्दूत दिले आहेत.)



गंगाखेडचे नाव तुम्ही नक्कीच ऐकले असेल. मराठवाड्यातील माणसे गोदावरीला प्रेमाने ‘गंगा’ म्हणतात. गंगाखेड या नावातील गंगा ती हीच. संत जनाबाईंचे हे गाव. याच तालुक्यात गोदावरीच्या काठी धारासूर नावाचे एक लहानसे गाव आहे. शेती, गुरेढोरे, नदी आणि घाट असे ते चारचौघांसारखेच गाव. परंतु या गावात गुप्तेश्वराचे देऊळ आहे. ते साधारण बाराव्या-तेराव्या शतकातील, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे मानले जाते. उंच दगडी चौथरा, भिंतींवर विष्णूच्या आणि सुरसुंदरींच्या कोरीव मूर्ती आणि वर विटांनी रचलेले शिखर यांमुळे हे देऊळ अभ्यासकांच्या परिचयाचे झाले.

धारासूर एकटे नाही. जिंतूर तालुक्यात चारठाणा हे गाव आहे. तेथे जुनी देवळे, एक उंच दगडी स्तंभ आणि पायऱ्यांची बारव आहे. सेलू तालुक्यात वालूर येथे बारवेच्या पायऱ्या शंखाप्रमाणे गोल गोल फिरत खाली उतरतात. औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे. पण १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही परभणी जिल्ह्यातच होते. इतकी जुनी बांधकामे आपल्या आसपास आहेत. आपण त्यांच्या जवळून बसने, सायकलने जातो. पण ती कशी उभी राहिली, याचा विचार सहसा करत नाही. आज तो करूया.

हा काळ कोणाचा?

दक्षिणेत प्रथम कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्यांची सत्ता दुबळी झाली आणि देवगिरीचे यादव स्वतंत्र झाले. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. यादवांच्या राज्यात गोदावरीचे खोरे हा सुपीक आणि महत्त्वाचा प्रदेश होता. जेथे पीक चांगले, तेथे व्यापार चांगला; आणि जेथे व्यापार, तेथे मोठी बांधकामे. राजे, सरदार, व्यापारी आणि गावे यांनी या काळात देवळे उभारली, बारवा खोदल्या.

अशा देवळांना लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री किंवा हेमाडपंत हे महादेव (१२६१ ते १२७१) आणि रामचंद्र (१२७१ ते १३११) या यादव राजांच्या दरबारातील मोठे अधिकारी व विद्वान होते. त्यांनी ही पद्धत शोधली, असा समज आहे. पण तो बरोबर नाही. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवमंदिरात इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. म्हणजे ते देऊळ हेमाडपंतांच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे. तरीही त्याची बांधणी याच जातीची. यावरून असे दिसते, की पद्धत जुनी होती. हेमाडपंतांच्या प्रसिद्धीमुळे त्यांचे नाव तिला चिकटले. ‘हेमाडपंती’ या शब्दाला आज फक्त इतकाच अर्थ उरला आहे : चुन्याशिवाय बांधलेले जुने दगडी देऊळ.

दगड कोठून आला?

महाराष्ट्राची बहुतेक भूमी ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला रस थरावर थर पसरत गेला. तो थंड होऊन त्याचा काळा, कठीण पाषाण झाला. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही त्याला ‘बेसॉल्ट’ म्हणता. आपल्या शेतातील काळी माती याच दगडाची झीज होऊन तयार झाली. म्हणजे आपला कापूस आणि आपले देऊळ, दोन्ही एकाच दगडाची देणगी आहेत.

हा दगड कठीण असल्यामुळे तो घडवायला फार वेळ लागतो. संगमरवरासारखा तो सहज कापला जात नाही. पाथरवट छिन्नी आणि हातोडा घेऊन बसे आणि एक एक टवका उडवत मूर्तीचा चेहरा, हातातील बांगडी, गळ्यातील माळ कोरत असे. दगड एकदा फुटला की तो जोडता येत नाही. त्यामुळे प्रत्येक घाव विचार करूनच घालावा लागे. दुसरी बाजू अशी, की कठीण दगडावरचे काम टिकतेही जास्त. आठशे पावसाळे झेलूनही कित्येक मूर्तींच्या दागिन्यांची नक्षी आजही स्पष्ट दिसते.

देवळाचे भाग

माणसाच्या शरीराला जसे पाय, धड आणि डोके असते, तसेच देवळालाही असते. खालून वर जाऊया.

सर्वांत खाली चौथरा असतो. त्याला ‘जगती’ म्हणतात. जगतीमुळे देऊळ पुराच्या पाण्यापासून व चिखलापासून उंच राहते आणि देवळाचे वजन मोठ्या जागेवर पसरते. जगतीवर देवळाचे ‘पीठ’ असते. काही देवळांत पीठावर हत्तींची रांग, घोड्यांची रांग, माणसांची रांग असे पट्टे कोरलेले असतात. त्यांना गजथर, अश्वथर, नरथर अशी नावे आहेत. हत्ती सर्वांत खाली का, हे सांगायला नको. ओझे उचलायचे ते बळकटाने!

पीठावर भिंत उभी असते. तिला ‘मंडोवर’ म्हणतात. देवांच्या मूर्ती, नर्तकी, वादक आणि आरशात पाहणाऱ्या सुरसुंदरी याच भिंतीवर असतात. भिंत सरळ नसते. ती जागोजागी पुढे येते, मागे जाते. त्यामुळे उन्हाबरोबर सावल्या सरकत राहतात आणि सकाळचे देऊळ संध्याकाळी वेगळे दिसते. भिंतीच्या वर शिखर असते. शिखराच्या माथ्यावर आवळ्यासारखा कंगोऱ्यांचा गोल दगड असतो. त्याला ‘आमलक’ म्हणतात. त्यावर कळस असतो.

आता समोरून आत जाऊया. प्रथम लहान ‘मुखमंडप’, म्हणजे खांबांवर उभी असलेली पडवी. नंतर मोठा ‘सभामंडप’. येथे लोक जमतात, भजन-कीर्तन होते. सभामंडपाचे खांब नीट पाहा. एकाच खांबाचा खालचा भाग चौकोनी, मधला अष्टकोनी आणि वरचा गोल असतो. खांबाच्या माथ्यावर गुडघे वाकवून बसलेली ठेंगणी माणसे कोरलेली असतात. जणू सगळे छप्पर आपल्याच खांद्यावर आहे, असा त्यांचा आव असतो. त्यांना ‘कीचक’ म्हणतात.

सभामंडपाच्या पुढे ‘अंतराळ’ नावाची अरुंद जागा आणि तिच्यापुढे ‘गर्भगृह’ किंवा गाभारा. गाभाऱ्याचा दरवाजा देवळातील सर्वांत कोरीव भाग असतो. चौकटीवर वेली आणि फुलांच्या पट्ट्या, वरच्या पट्टीच्या मध्यभागी बहुधा गणपती, खाली उंबरठ्यावर ‘कीर्तिमुख’ नावाचा मोठ्या डोळ्यांचा चेहरा. आणि इतक्या नक्षीनंतर आतला गाभारा मात्र साधा, शांत, अंधारा. बाहेरच्या गर्दीतून माणसाचे मन हळूहळू एका ठिकाणी यावे, यासाठी ही योजना. प्रकाश पायरी-पायरीने कमी होत जातो.

शिवाचे देऊळ असेल, तर गाभाऱ्यात पिंडी असते. पिंडीवर घातलेले पाणी बाहेर जाण्यासाठी भिंतीतून दगडी पन्हाळ काढलेली असते. पुष्कळदा तिचे तोंड मगरीसारखे कोरलेले असते.

चुन्याशिवाय भिंत कशी उभी राहते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊया. या देवळांच्या दगडांमध्ये चुना किंवा सिमेंट नाही. मग ती उभी कशी?

पहिली गोष्ट, दगड अतिशय अचूक घडवलेले असतात. एका दगडाला उंचवटा आणि दुसऱ्याला तशीच खाच. एक दुसऱ्यात बसला, की तो सरकत नाही. काही ठिकाणी दोन दगड लोखंडी पट्टीने जोडलेलेही असतात. दुसरी गोष्ट, वजन. वरचा जड दगड खालच्या दगडाला दाबून ठेवतो. जितके ओझे, तितकी घट्ट पकड.

दगड केवळ जड असून भागत नाही, तो शेजारच्या दगडाला बांधलेला असावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. तेथील कित्येक घरांच्या भिंती जाड दगडांच्याच होत्या. पण ते गोटे मातीत रचलेले होते. एकमेकांत गुंतलेले नव्हते. धक्का बसताच ते सुटले आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. जुन्या पाथरवटांनी दगडाला दगड का अडकवला, हे यावरून समजते.

दुसरा प्रश्न छताचा. दोन खांबांवर एक आडवा दगड ठेवला, की तुळई झाली. दगडाचा एक स्वभाव आहे. त्याला दाबा, तो पुष्कळ भार सहन करतो. वाकवा, तो लगेच तडकतो. तुळई लांब असेल, तर ती मध्ये वाकून तुटणार. म्हणून तुळया आखूड ठेवाव्या लागतात आणि आखूड तुळयांसाठी खांब पुष्कळ लागतात. सभामंडपात इतके खांब का असतात, याचे उत्तर हे आहे. ते केवळ शोभेसाठी नाहीत.

परंतु मधली जागा तर मोकळी हवी. मग कारागिरांनी एक सुंदर युक्ती केली. चौरस जागेच्या चारही कोपऱ्यांवर त्यांनी तिरपे दगड ठेवले. मध्ये एक लहान, फिरलेला चौरस उरला. पुन्हा त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. आणखी लहान चौरस उरला. शेवटी राहिलेले भोक एकाच कोरीव दगडाने झाकले. गणिताच्या वहीत हे करून पाहा. ४ मीटर बाजूचा चौरस काढा. त्याचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. आतील चौरसाचे क्षेत्रफळ ८ चौरस मीटर भरेल. पुन्हा जोडा, ४ उरेल. दर वेळी निम्मे! कोणतीही लांब तुळई न वापरता मोठी जागा झाकली गेली.

आता आपल्या ओळखीच्या इमारतींकडे पाहा. मशिदी, मकबरे आणि किल्ल्यांचे दरवाजे यांत कमान असते. कमानीत दगड किंवा विटा गोलाईत बसवतात. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि भार दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. कमानीत दगडाला वाकावे लागत नाही, फक्त दाब सहन करावा लागतो. म्हणून खांबांशिवाय मोठी जागा झाकता येते. विजापूरचा गोल घुमट याचे मोठे उदाहरण आहे. यासाठी चांगला चुना लागतो आणि बांधताना खाली लाकडी आधार द्यावा लागतो. म्हणजे प्रश्न एकच होता : दगडाला वाकू न देता छप्पर कसे घालायचे? एका कारागिराने तो खांब-तुळईने सोडवला, दुसऱ्याने कमानीने. दोघेही हुशार होते.

आणखी एक गंमत सांगतो. अनेक यादवकालीन देवळांचा नकाशा ताऱ्यासारखा असतो. एका चौरसावर दुसरा चौरस थोडा फिरवून ठेवला, की आठ टोकांचा तारा होतो. आणखी फिरवत गेले, की टोके वाढतात. हाच आठ टोकांचा तारा तुम्ही मशिदीच्या जाळीवर, मकबऱ्याच्या फरशीवर किंवा गालिच्यावर पाहिला असेल. भूमिती कोणत्याही एका धर्माची नसते. परकार आणि दोरी ज्याच्या हातात, त्याची ती.

शब्दांचेही असेच आहे. मराठी माणूस देवळाच्या ‘दरवाजा’तून आत जातो, भिंतीवरची ‘नक्षी’ पाहतो, ‘इमारत’ जुनी आहे म्हणतो. हे तिन्ही शब्द फारसी-अरबीतून आले. ‘कमान’ म्हणजे फारसीत धनुष्य. आकार सारखा, म्हणून मराठीतही कमान झाली. दगड घडवणाऱ्यांचे आणि शब्द घडवणाऱ्यांचे येणे-जाणे फार जुने आहे.

हे देऊळ आपले कसे?

येथे तुमच्यापैकी एखाद्याच्या मनात प्रश्न येईल : “आम्ही येथे पूजा करत नाही. मग हे देऊळ आमचे कसे?”

प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचे सरळ उत्तर देऊया. पूजा करणे ही श्रद्धेची गोष्ट आहे. ज्याची जशी श्रद्धा, तशी त्याची उपासना. तेथे कोणी कोणावर जबरदस्ती करू नये. पण वारसा ही वेगळी गोष्ट आहे. ज्या मातीत आपले आजोबा-पणजोबा शेती करत होते, त्याच मातीतील माणसांनी हे दगड घडवले. त्यांचे कसब, त्यांचे गणित, त्यांची मेहनत या भूमीत राहणाऱ्या सर्वांची आहे. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. ते पाहुणे म्हणून येत नाहीत. हा आमच्या गावचा उरूस आहे, असे म्हणून येतात. हाच आपलेपणा आपणही दाखवू शकतो.

इतिहासात कडू गोष्टीही आहेत. राजे एकमेकांशी लढले, त्या लढायांत काही देवळांची मोडतोड झाली. औंढा येथे देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा आणि कोरीव आहे, तर वरचा भाग नंतरच्या काळात विटा-चुन्याने बांधलेला आहे. जुना वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पाडला गेला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, असे तेथील परंपरा सांगते. अशा गोष्टी लपवू नयेत. त्या माहीत असाव्यात. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागायचा नसतो आणि आजच्या मुलानेही त्याचे ओझे डोक्यावर घ्यायचे नसते. आपण काय जपतो, एवढेच आपल्या हातात आहे.

याचे एक मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख होते गुलाम यजदानी. अजिंठा आणि वेरूळची लेणी त्या वेळी याच संस्थानात होती. अजिंठ्याची चित्रे भिंतींवरून सुटू लागली होती. १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावून ती वाचवण्याचे काम झाले. यजदानींनी अजिंठ्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. आजच्या तेलंगणातील पालमपेट येथील देवळांवरही त्यांनी पुस्तक लिहिले. ते १९२२ मध्ये छापले गेले. पालमपेटचे रामप्पा मंदिर १२१३ मधील, म्हणजे आपल्या यादवांच्या काळातले. जवळपास शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, युनेस्कोने रामप्पा मंदिराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भारत सरकारने १९५९ मध्ये यजदानींना पद्मभूषण देऊन गौरवले.

बौद्धांची लेणी आणि हिंदूंची देवळे यांसाठी यजदानींनी आपले आयुष्य वेचले. ‘हे आमचे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शब्दांनी दिले नाही, कामाने दिले.

देवळांना धोका कशाचा?

आठशे वर्षे टिकलेले देऊळ काही वर्षांत पडू शकते. पहिला शत्रू पाणी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाखालची माती अशी वर-खाली होत राहिली, की पाया एका बाजूने खचतो. पाया खचला, की वरचे दगड एकमेकांतून सुटू लागतात. नदीकाठी हा धोका अधिक.

दुसरा शत्रू झाडे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दगडांच्या सांध्यात पडते. रोप लहान असते तेव्हा कोणी लक्ष देत नाही. पुढे त्याचे मूळ जाड होते आणि पाचर ठोकल्याप्रमाणे दगड फाकवते.

तिसरा शत्रू आपण स्वतः. कोणी मूर्तींना ऑइल पेंट फासतो; बारीक नक्षी रंगाखाली बुजते. कोणी भेगांत सिमेंट भरतो. मग आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. कोणी गुप्तधनाच्या लोभाने जमीन खणतो. कोणी पडलेले कोरीव दगड घराच्या पायऱ्यांना वापरतो. आणि कोणी खिळ्याने आपले नाव कोरून जातो. आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने एवढी मेहनत करूनही आपले नाव त्या दगडावर लिहिले नाही. दोन मिनिटांसाठी आलेल्याने का लिहावे?

धारासूरच्या देवळाचा प्रश्न गावकऱ्यांनी आणि इतिहासप्रेमींनी सतत मांडला. अशा देवळाचे जतन कसे करतात, तेही जाणून घ्या. प्रथम सर्व बाजूंनी फोटो आणि मोजमापे घेतात. मग प्रत्येक दगडाला क्रमांक देतात. जेथे पाया खचला असेल, तेथे दगड क्रमाने उतरवून बाजूला मांडतात, पाया पक्का करतात आणि तेच दगड त्याच जागी पुन्हा बसवतात. एखादा दगड हरवला असेल, तरच नवा घडवतात. चुना नसल्यामुळेच हे शक्य होते. सिमेंटची भिंत उतरवली तर तिचा चुरा होतो. हे देऊळ मात्र उतरवून पुन्हा उभे करता येते.

ही कामे तज्ज्ञांची आहेत. पण सर्वच कामे तज्ज्ञांची नसतात. परभणी जिल्ह्यातील अनेक गावांत अलीकडच्या वर्षांत तरुणांनी घमेली-फावडी घेऊन बारवांतील गाळ आणि कचरा काढला. बुजलेल्या पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या.

संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली असते. भारताच्या संविधानातील ५१अ या कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. १९७६ मध्ये ती संविधानात आली. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. ‘संमिश्र’ हा शब्द लक्षात ठेवा. त्यात सर्वांचा वाटा आहे, म्हणून सर्वांची जबाबदारी आहे.

शाळेची सहल अशा ठिकाणी गेली, तर चपला बाहेर काढा. गाभाऱ्याजवळ जाण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारा. मोठ्याने बोलू नका, मूर्तींवर चढू नका. मग शांतपणे एका खांबाजवळ उभे राहा आणि दोन दगडांमधला सांधा शोधा. कित्येकदा नखसुद्धा आत जाणार नाही. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी तेथे उकिडवे बसून, पुन्हा पुन्हा मोजून, तो दगड बसवला होता. त्याच्या कामाची कदर करायला त्याचा धर्म विचारावा लागत नाही.

शब्दार्थ

देऊळ – मंदिर
चौथरा – चबूतरा
पाया – बुनियाद
खांब – सुतून
तुळई – शहतीर
उंबरठा – दहलीज
कोरीव काम – नक्काशी
पाथरवट – संगतराश
बारव – सीढ़ियों वाली बावली
वारसा – विरासत
जतन – हिफाज़त
संमिश्र – मिली-जुली
भेग – दराड़
खचणे – धँसना

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) धारासूर कोणत्या नदीच्या काठी आहे?
(२) वालूरच्या बारवेचे वैशिष्ट्य कोणते?
(३) हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख कोण होते?

प्र. २. कारणे लिहा.
(१) हेमाडपंतांनी ही बांधकामपद्धत शोधली असे म्हणता येत नाही.
(२) सभामंडपात पुष्कळ खांब असतात.
(३) जुन्या देवळाच्या भेगांत सिमेंट भरू नये.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) खांब-तुळई आणि कमान यांत काय फरक आहे?
(२) ‘हे देऊळ आमचे कसे?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल?

भाषाभ्यास : उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. तो खांब, ती वीट, ते शिखर. पाठातून प्रत्येक लिंगाचे पाच शब्द शोधून लिहा. ‘देऊळ’ या शब्दाला प्रत्यय लागला की तो बदलतो : देवळात, देवळाला, देवळाचे. हे तीन शब्द वापरून वाक्ये तयार करा.

उपक्रम : आपल्या गावातील सर्वांत जुनी इमारत शोधा. ती देऊळ, मशीद, दर्गा, बारव, गढी किंवा वेस, काहीही असेल. तिचे चित्र काढा. गावातील वृद्ध माणसांकडून तिची माहिती मिळवा आणि दहा ओळी मराठीत लिहा.